डाव्या पिळाचा दोर

मी हे लिहितोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कागदावर काही लिहायची वेळ आली ती अर्जापुरतीच, आणि तीही मी शाळेत जायला लागल्यावर. बारावीच्या पुढे गेलेला घरातला मी पहिला. त्यामुळे लिहिलेलं कुणाला वाचून दाखवावं, चुका काढून घ्याव्यात, असं घरात कुणी नाही. शिवाय ज्याबद्दल लिहायचं आहे ते माझ्या एकट्याचं नाही. खरं तर ते माझ्या मामाचं आहे, आणि त्याला न विचारता मी लिहितोय. विचारायला तोंड नाही. हा आगाऊपणा वाटला तर तो आहेच.

आमचं घर जामसरकडे. मामाचा पाडा मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पलीकडे डोंगरात. पाड्याचं नाव मी लिहीत नाही. पाड्याच्या वरच्या अंगाला एक रान आहे. आजूबाजूच्या डोंगरांवर सागाची लागवड आहे, शाळेतल्या मुलांसारखी ओळीनं उभी. हे रान कुणी लावलेलं नाही. ऐन, बेहडा, किंजळ, जुने रायवळ आंबे, आणि त्यांच्यावरून खाली आलेले गारंबीचे मांडीएवढे जाड वेल. तिघांनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पुरा होत नाही अशी झाडं आहेत. आत मोकळ्या जागेत वाघोबा आहे. लाकडाची फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य, आणि सगळ्यावर शेंदूर.

या रानात कशावर बसून जायचं नाही, चालत जायचं. बैलगाडीसाठी रानाच्या बाहेरून वळसा घालणारी वेगळी वाट आहे. माझ्या वेळी आई बाळंतपणाला माहेरी होती. पाड्यापर्यंत तेव्हा रस्ता नव्हता, म्हणून कळा सुरू झाल्यावर तिला झोळीत घालून रानातल्या जवळच्या वाटेनं मोखाड्याला नेत होते. रानाच्या तोंडाशी झोळी खाली ठेवली आणि दोन बायकांनी धरून तिला रान चालवलं. पलीकडे पुन्हा झोळीत घेतलं आणि पायवाटेनं डांबरी रस्त्यावर उतरवलं. आई हे सांगताना तक्रार करत नाही. एकेका झाडाला धरून उभी राहिले की बरं वाटायचं, एवढंच सांगते.

चालत जायलाही वर्षातले काही दिवस बंदी असते. भात पोटरीला आलं, कणीस बाहेर पडायच्या बेतात आलं, की मामा रान बांधायचा. म्हणजे केवणीच्या झुडपाच्या सालीचा दोर वळायचा, त्यात आंब्याची पानं अडकवायची आणि रानात शिरणाऱ्या वाटेवर दोन्ही तोंडांना तो आडवा बांधायचा. रोजच्या कामाचा दोर उजव्या पिळाचा असतो, हा डाव्या पिळाचा. गाठही डावीच. तेव्हापासून दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीपर्यंत कुणी आत जायचं नाही, लाकूड नाही, पाला नाही, गुरं नाहीत. वाघबारशीला गुराखी नारळ आणि तांदूळ घेऊन जमतात, मामा दोर सोडतो आणि रान मोकळं होतं. हे काम मामाच्या घरात त्याच्या आजाच्याही आधीपासून होतं.

सातवीत असताना मामानं मला दोर वळायला बसवलं. तेव्हाच त्यानं बाकीचंही सांगितलं. बांधलेला दोर बांधणाऱ्यानंच सोडायचा. दुसऱ्या कुणी सोडला तर तो माणूस पाड्याला परका. त्याला येऊ नको असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्याच्या हातचं कुणी घेत नाही आणि त्याच्या हातात कुणी काही देत नाही. आणि बांधणाऱ्यानं स्वतःच दिवस भरायच्या आधी सोडला, किंवा कुणाला सोडू दिला, तर दोष त्याचा एकट्याचा, आणि दोर त्याच्या घरातून जातो. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मामाला मुलगा नाही. मुली लग्न करून जातील, दोर भाच्याला गेला तरी चालतो, असं तो म्हणायचा. माझा पीळ मात्र दर वेळी उजवीकडे वळायचा. मामी हसायची. "ह्याला कालेजात शिकवतील डावा पीळ." मामा म्हणायचा, "राहू दे गं. हाताला सवय लागंल. नोकरीला लागलास तरी वर्षातून दोनदा येशील ना?"

मी येईन म्हटलं होतं.

मागच्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता आणि वाघबारशीला पंधरा-एक दिवस होते. रविवार होता. मी जव्हारच्या वसतिगृहात राहतो. मामाकडे जायला सकाळी स्टँडच्या बाहेर उभा होतो, कारण पहिली गाडी निघून गेली होती. तिथं एक उघडी जीप थांबली. मोठी चाकं, पुढच्या बाजूला लोखंडी दोराचं रीळ. चालवणारे पन्नाशीचे सर होते, बाजूला त्यांच्या मॅडम. ठाण्याहून आले होते.

"इकडे एखादी कच्ची वाट आहे का रे, जंगलातून जाणारी?" सरांनी विचारलं. "फार अवघड नको. सोपी."

"सोपी हे माझ्यासाठी नाही हं," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या कमरेसाठी. डॉक्टरांनी सांगितलंय."

मला हसू आलं. मी म्हटलं, आहे, माझ्या मामाच्या पाड्याला. माझ्या डोक्यात रानाला वळसा घालणारी बैलगाडीची वाट होती. ती सोपी आहे, आणि तिच्यावरून उजव्या हाताला सगळं जुनं रान दिसतं. आयती गाडी मिळाली म्हणून मी खूश होतो हेही खरं.

मॅडम मागे बसल्या आणि त्यांनी मला पुढे बसवलं. मोठ्या माणसाच्या गाडीत मी पुढे पहिल्यांदाच बसत होतो. पट्टा कुठं अडकवायचा ते मला सापडेना, सरांनी तो लावून दिला. वाटेत त्यांनी विचारलं काय शिकतोस. मी बी.ए. म्हटलं. घरात कोण शिकलंय? कुणी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "शाब्बास." हा शब्द मला ऐकायला आवडला. पुढे जे झालं त्यात या शब्दाचा किती भाग होता ते मला नक्की सांगता येत नाही, पण होता.

पाड्यात पोचलो तेव्हा बहुतेक घरं बंद होती. भातकापणीचे दिवस. मामा-मामी खालच्या शेतावर गेली होती. मी तशीच गाडी वर घ्यायला सांगितली. उतारावर नागली पिकून तांबूस झाली होती, गवत पिवळं पडायला लागलं होतं. गाडीवाटेला लागलो तसे सर खुलले. एक छोटा दांडा ओढून म्हणाले, "आता बघ, एक्सलेटरला पाय न लावता चढेल." आणि खरंच, गाडी एखाद्या शहाण्या बैलासारखी एकेक दगड बघून चढली.

रानाच्या कोपऱ्यापाशी ओहोळ लागतो. तिथं वाट नव्हती. पावसानं सगळी खचवून नेली होती. कमरेएवढा खड्डा आणि पलीकडे कापलेला काठ. सर उतरून बघून आले.

"नाही जमायचं."

"मग परत फिरू," मॅडम म्हणाल्या. "इथवर आलो तेच छान झालं. मुलाला त्याच्या मामाकडे सोडू आणि चहा पिऊ."

त्यांनी मला काहीही करायला सांगितलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे वर्षभर मी मनातल्या मनात त्यांच्यावर ढकलायचा प्रयत्न केला. पण मलाच वाटलं, यांना इतकं लांब आणलं आणि काहीच दाखवलं नाही. मी म्हटलं, "सर, आतूनही वाट आहे. सपाट आहे."

दोन ऐनांच्या मधे दोर होता. पानं सुकून करकरीत झाली होती. सरांनी गाडी थांबवली.

"हा दोर कशाचा रे? जायला बंदी आहे का?"

मी म्हटलं, "नाही सर. गुरं शिरू नयेत म्हणून बांधतात."

एवढं एक वाक्य. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी गाडी बंद केली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सांगायचं कसं? आमच्यात असं आहे, देवाचं रान आहे, बसून जायचं नाही, सध्या चालतसुद्धा जायचं नाही. हे पुस्तकी मराठीत सांगायला लागलो की ते मला वर्गातल्या भाषेसारखं ऐकू येतं, आदिवासींच्या अंधश्रद्धा असा धडा वाचतोय तसं. आताच शाब्बास म्हटलेल्या माणसासमोर मला ते नको वाटलं.

मी खाली उतरलो. मामाची गाठ सुटायला वेळ लागला. मॅडमनी विचारलं, "मदत करू का?" मी नको म्हटलं.

आता जे लिहितो ते लिहायला सगळ्यात जड जातं. मला ते आवडलं. आमचं रान मी आयुष्यभर खालून, पायांकडे बघत, मुळांना चुकवत पाहिलं होतं. गाडीतून ते छातीच्या उंचीवरून दिसत होतं. ज्या फांद्या डोक्यावर असायच्या त्या तोंडासमोरून जात होत्या. वाट खरोखर सोपी होती, पाल्याचा जाड थर, त्यावर चाकांचा आवाजच नाही. गाडी होडीसारखी हलायची. एका बेहड्याच्या ढोलीत मधमाशांचा ये-जा करणारा धूर दिसला, तो मी खालून कधी पाहिला नव्हता. ऊन वरच अडकलेलं, खाली हिरवट अंधार आणि ओल्या लाकडाचा वास. सर खूप हळू चालवत होते. एका मुळाशी त्यांनी चाक मुद्दाम बाजूनं घेतलं, मूळ दुखावू नये म्हणून.

मॅडम कुजबुजल्या, "अहो, इंजिन बंद करा ना. इथं मोठ्यानं बोलूसुद्धा नये असं वाटतं."

सरांनी गाडी बंद केली. समोर वाघोबाची फळी होती. मॅडम खाली उतरल्या, बूट काढले आणि हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मी गाडीतच बसून होतो. पाय खाली ठेवायचा मला धीर झाला नाही.

"काय देव आहे हा?" त्यांनी विचारलं.

"वाघाचा."

"आणि आपण असं गाडी घेऊन आलो ते चालतं?"

"चालतं," मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

तिथंच गाडी वळवून आम्ही परत आलो. मी दोर पुन्हा बांधला. पानं नीट केली, गाठ तीनदा बघितली. पाल्यावर आणि बाहेरच्या मऊ मातीत चाकांच्या वीतभर रुंद खुणा उमटल्या होत्या, त्या माझ्या मनातही आल्या नाहीत. मला फक्त गाठीची काळजी होती. सर-मॅडमनी मला मामाच्या अंगणात सोडलं, माझा नंबर घेतला आणि फोटो पाठवतो म्हणून निघून गेले.

दुपारी मामी शेतावरून आली, तिच्या मागून मामा. मामी आत गेली. मामानं पाय धुतले आणि विळा घेऊन दाराशी बसला. रान बांधलेलं असताना तो रोज वर जाऊन दोर बघतो आणि मगच घरी येतो.

"गाडी आली व्हती?"

"हो. पाहुणे होते. ठाण्याचे."

"दोर त्यांनी सोडला का?"

इथं मला हो म्हणता आलं असतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. मामा माझ्याकडे बघत नव्हता, विळ्याच्या धारेवरचं सुकलेलं पान नखानं काढत होता.

"त्यांनी सोडला असता तं परत बांधला नसता," तो म्हणाला. "आन् गाठ उजवी हाये."

मी म्हटलं, "मामा, माझी चूक झाली. संध्याकाळी सगळे आले की मी सांगतो."

"काय सांगशील?"

"जे झालं ते."

"तुला काय सांगायचं ते कालेजात सांग." त्याचा आवाज चढला नव्हता. "अजून कोणी बघितला नाय. माणसं सांजच्याला वर येतील. तू आताच्या गाडीनं जा."

"पण मामा..."

"जा बोललो ना."

मामीनं फडक्यात दोन भाकऱ्या बांधून हातात दिल्या. तिला काय झालं ते तोवर कळलं नव्हतं. एरवी मामा मला रस्त्यापर्यंत सोडायला यायचा आणि गाडी येईपर्यंत माझ्या मास्तरांच्या नकला करायला लावायचा. त्या दिवशी तो उठलाच नाही. मी उतारावरून मागे वळून पाहिलं तेव्हा तो तसाच विळा घेऊन बसला होता.

मला हाकललं, असं मी समजलो. आणि ते बरोबरच आहे असंही समजलो.

वाघबारशीला मी गेलो नाही. दिवाळीत मामीच्या फोनवर फोन केला. तो डोंगराच्या एका टोकाला गेल्यावरच लागतो. ती म्हणाली, "मामा बाहेर गेलाय." मी पुन्हा केला नाही. आईनं विचारलं तर परीक्षा आहे म्हटलं. उन्हाळ्यात विचारलं तर पुन्हा परीक्षा म्हटलं. आईला काही माहीत होतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही.

मॅडमनी फोटो पाठवले होते. एका फोटोत मी पुढच्या सीटवर बसलोय, पट्टा लावलेला, मागे गारंबीचा वेल. इतका हसरा माझा दुसरा फोटो नाही. खाली त्यांनी लिहिलं होतं की ते जंगल डोळ्यांपुढून हलत नाही, आणि त्या दोराबद्दल तुला नीट विचारायचं राहून गेलं. मी उत्तर लिहायला बसलो. चार वेळा लिहून पुसलं. शेवटी नुसतं धन्यवाद पाठवलं.

या पावसाळ्यात भात पोटरीला आलं तेव्हा मला रोज वाटायचं, आज मामा दोर वळत असेल. एकदा शनिवारी मी स्टँडवर गेलोसुद्धा. पोशेऱ्याकडची गाडी लागली होती. तिच्यात पाड्यातलं एक ओळखीचं तोंड दिसलं, आणि मी वर्तमानपत्राच्या टपरीमागे जाऊन उभा राहिलो, गाडी जाईपर्यंत.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. वसतिगृहाच्या फाटकावर कुणीतरी भेटायला आलंय असा निरोप आला. बाहेर गेलो तर मामी. जव्हारच्या बाजाराला आली होती, डोक्यावर पाटी, पाटीत वालाच्या शेंगा आणि दोन मोठ्या काकड्या.

"का रं," ती म्हणाली, "आम्ही काय मेलो काय?"

मी पाटी उतरवून घेतली. फाटकाशेजारच्या कट्ट्यावर आम्ही बसलो.

"वर्ष झालं. नणंदेचा पोरगा हाये का पावना, ते तरी कळू दे. आता साहेब झालास तं आमची भाकर गिळत नाय का?"

"मामा रागावलाय म्हणून," मी म्हटलं.

"कोण बोलला रागावलाय?"

"त्यानं मला घालवलं ना."

मामी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुला कोणी सांगितलाच नाय," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी सांजच्याला माणसं शेतावरून आली. त्यांनी चाकांच्या खुणा पाहिल्या आणि सगळी मामाच्या अंगणात जमली. कोणी सोडला, कोणी सोडला, असं झालं. भाचा आला होता हे दोघांनी पाहिलं होतं. तेव्हा मामा उठून उभा राहिला आणि म्हणाला, गाडी मीच बोलावली. दोर सोडायला भाच्याला मीच सांगितला.

"खोटा बोलला," मामी म्हणाली. "मला ठावं, सगळ्यांनाच ठावं. गाठ डावी का उजवी, कळत नाय व्हय कोणाला? पण तोच बोलला तं कोण काय करणार?"

"मग?"

"मग काय. त्या वाघबारशीला तेवढा त्यानंच सोडला, बांधलेला व्हता म्हणून. ह्या साली दोर खालच्या घरी वळला."

रस्त्यावरून मोखाड्याची गाडी गेली. ती जाईपर्यंत मामी थांबली.

"मी भांडले त्याच्याशी. आजापासून घरात हाये, असा कसा देऊन टाकलास? तं बोलला, दोर गेला तं गेला. पोराला पाड्यात यायला वाट राह्यली पायजे."

तिनं पाटीतली एक काकडी काढून माझ्याजवळ ठेवली.

"दोन्ही वाघबारशींना तो सकाळपासून खाली रस्त्यावर जाऊन बसला," ती म्हणाली. "आन् तू तं आलाच नाहीस."